स्विफ्टला इनोव्हाचे टायर

तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असणारच. घरची, पप्पांच्या नावावरची, पाच-सहा वर्षं जुनी हॅचबॅक. मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव, डॅशबोर्डवर छोटा गणपती, सीटवर आईने घातलेली टॉवेलची कव्हरं. आणि खाली टायर मात्र असे, की ही गाडी आता थेट वाळवंटातल्या रॅलीलाच निघालीय! मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेले, काळेभोर, रुंद. शेजारून जाणारा पोरगा वळून बघणार आणि म्हणणार, ‘काय रोड प्रेझेन्स आहे भावा!’

ती गाडी माझीच होती. म्हणजे पप्पांची. टायर मी बसवले होते. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला नको. कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जे माप दिलंय, त्याच्या पुढे जाऊ नका. घरातले सगळे जी गाडी वापरतात तिच्या बाबतीत तर अजिबात नको. ‘मोठा टायर म्हणजे भारी ग्रिप, भारी ग्राउंड क्लिअरन्स, भारी सगळंच’ हे जे आपल्या डोक्यात बसलंय, त्यातलं बरंचसं कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत उडून जातं. मी ती दोन मिनिटं आधी काढली नाहीत. सेहेचाळीस हजार रुपये खर्च झाल्यावर काढली.

तर तो कॅल्क्युलेटर आता तुम्ही काढा.

टायरच्या कडेला एक कोड असतो. आमच्या स्विफ्टवर (व्हीएक्सआय, २०१८ नंतरचं मॉडेल) होता १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण मिलीमीटरमध्ये नाही. ती रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलीमीटर. इथेच अर्धी पब्लिक गंडते. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, तेव्हा रिम झाली ३५५.६. वर एक कड, खाली एक कड, म्हणजे दोनदा १३२. सगळं मिळून चाकाची उंची साधारण ६१९.६ मिलीमीटर.

आता मी काय बसवलं? टायरच्या दुकानात गेलो तेव्हा तिथे इनोव्हाचा सेट पडून होता. जुन्या इनोव्हाचं माप, २०५/६५ आर १५. दुकानदार म्हणाला, ‘पंधराचे अलॉय घे, हे टायर चढव, गाडी ओळखू येणार नाही.’ त्याचं काही चुकलं नाही. मी मागितलं ते त्याने विकलं. मोजू या: २०५ चे ६५ टक्के १३३.२५. दोनदा धरून २६६.५, अधिक पंधरा इंचांचे ३८१. एकूण ६४७.५.

म्हणजे चाक जवळजवळ २८ मिलीमीटरने उंच झालं. साडेचार टक्के. ऐकायला काहीच नाही ना? परीक्षेत साडेचार टक्क्यांनी काय होतं ते आठवून बघा.

पहिली गंमत ग्राउंड क्लिअरन्सची. मला वाटलेलं, गाडी आता स्पीडब्रेकरवरून हसत हसत जाणार. पण गाडी उचलली जाते ती चाकाच्या मध्यापासून, म्हणजे वाढलेल्या उंचीच्या निम्मीच. २८ चे निम्मे १४ मिलीमीटर. स्विफ्टचा क्लिअरन्स १६३ होता, तो १७७ झाला. करंगळी आडवी धरा, साधारण तेवढा फायदा! आणि या करंगळीभर उंचीसाठी मी घरच्या गाडीचं बाकी सगळं गणित हलवून ठेवलं.

दुसरी गोष्ट स्पीडोमीटरची. गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे मोजता येतात. जुनं चाक एका किलोमीटरला साधारण ५१४ वेळा फिरायचं, नवं ४९२ वेळा. फेरे कमी, म्हणजे गाडीला वाटतं आपण हळू चाललोय. काटा ८० दाखवतो तेव्हा आधीच्या हिशोबाने तुम्ही ८३-८४ ला असता, १०० दाखवतो तेव्हा १०४-१०५ ला. इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. बहुतेक गाड्यांचा काटा कंपनीतूनच खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो. त्यामुळे मोठे टायर बसवल्यावर कित्येकांचा काटा मोबाइलच्या जीपीएसशी जुळायला लागतो आणि ते खूश होतात, ‘बघ, उलट अचूक झाला!’ पण ती वाढीव दाखवणूक मुद्दाम ठेवलेली असते. एक्स्प्रेस वेवर १०० ची मर्यादा आहे, डोक्यावर कॅमेरे आहेत, आणि तुमच्या हातातली सूट तुम्हीच खर्च करून टाकली आहे.

आमच्या घरी याचा आणखी एक गमतीशीर परिणाम झाला. पप्पा प्रत्येक टाकी फुल करताना डायरीत किलोमीटर लिहितात. गेली कित्येक वर्षं. टायर बदलल्यावर तिसऱ्याच नोंदीला त्यांनी विचारलं, ‘एकोणीसचं साडेसोळा कसं काय झालं रे?’ मी म्हटलं, ट्रॅफिक. खरं कारण दोन पदरी होतं. मायलेज पडलं होतंच, कारण चाकं जड झाली होती. स्विफ्टचं मूळ चाक आणि अलॉयवर चढवलेला तो इनोव्हाचा टायर दोन हातांनी उचलून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही. पण जेवढं दिसत होतं तेवढं पडलं नव्हतं, कारण आता गाडी किलोमीटरच कमी मोजत होती. डायरीतले साडेसोळा म्हणजे खरे सतरा-सव्वासतरा. पप्पांची ती डायरी, जिच्यात कधी एक आकडा चुकला नव्हता, ती मी त्यांना न सांगता खोटी करून टाकली. सर्व्हिसिंगचं तेच. ओडोमीटरवर दहा हजार दिसतात तेव्हा गाडी दहा हजार साडेचारशे पळालेली असते.

पिकअपचं तर विचारू नका. सायकलवर चढाला मोठा गिअर टाकल्यावर पायाला जे होतं, तेच इंजिनला होतं. एकटा असताना, शहरात, मला काही जाणवलं नाही. जाणवलं ते दिवाळीला. आई, पप्पा, आजी, बहीण, मी, डिकीत दोन बॅगा आणि फराळाचे डबे. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यावर जी गाडी आधी कुरकुर न करता जायची, ती आता दुसरा मागायला लागली. आणि वळणावर, मागच्या चाकाच्या वर, एक आवाज. खर्र. पुन्हा खर्र. आजी म्हणाली, ‘काहीतरी घासतंय रे.’ मी म्युझिक वाढवलं.

घासत होता तो टायर. गाडी रिकामी असताना मडगार्डच्या आतलं प्लास्टिक आणि टायर यांच्यात जागा होती. पाच माणसं बसून स्प्रिंग दबल्यावर ती जागा संपली. नंतर गॅरेजवाल्या काकांनी टायरच्या खांद्यावरची झिजलेली रेघ दाखवली. त्यावर बोट फिरवत ते एवढंच म्हणाले, ‘अजून थोडं घासलं असतं तर तार दिसली असती.’ तार म्हणजे टायरच्या आतलं जाळं. ते उघडं पडलं की टायर कधी फुटेल ते टायरलाच माहीत.

आता मुख्य गोष्ट. ही सांगायची मला लाज वाटते, पण न सांगता पुढचं सगळं नुसतं गणितच राहील.

जुलैमधली रात्र होती. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी पुण्यात होती. पप्पा, आई आणि आजी सकाळी साताऱ्याहून आले, तपासणी झाली, मला हॉस्टेलवर भेटले, डबा दिला आणि परत निघाले. पावणेनऊच्या सुमारास फोन आला. खंबाटकी उतरून गाडी भुईंजच्या अलीकडे होती. पुढचं डावं चाक बसलं होतं. पाऊस. पप्पांनी आयुष्यात शंभर वेळा चाक बदललं असेल. ते शांतपणे म्हणाले, ‘अरे, याला पाना बसत नाहीये.’

बसणार कसा? अलॉयसोबत मी चोरी होऊ नये म्हणून लॉकवाले नट घेतले होते. चांगले महागातले. ते गाडीतल्या पान्याने खुलत नाहीत, त्याला वेगळी चावी लागते, बोटभर लांबीची. ती चावी त्या क्षणी माझ्या हॉस्टेलमध्ये, लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होती. मी तिकडे बघत होतो आणि फोनवर ऐकत होतो, मागून ट्रक जाताना कसा आवाज येतो ते.

हायवेवर अडकलं तर १०३३ या हेल्पलाइनला फोन करायचा हे मला माहीत होतं, एवढीच माझी त्या रात्रीची मदत. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे कोन लावले, लाल दिवा लावला. पण त्यांच्याकडेही ती चावी कुठून असणार? आई आणि आजी रस्त्याच्या कडेला बंद टपरीच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पाणी उडू नये म्हणून आईने आजीच्या चेहऱ्यासमोर पदर धरला होता. हे आईने मला नंतर सांगितलं. तेही सहज, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता.

शेवटी भुईंजहून एक पंक्चरवाला स्कूटरवर आला. त्याने एक जुना सॉकेट नटाच्या डोक्यावर हातोडीने ठोकून घट्ट बसवला आणि ताकदीने फिरवला. एक नट, दुसरा, तिसरा, चौथा. चाक निघालं. आणि मग डिकीतून स्टेपनी निघाली, ती मूळची, १६५/८० आर १४. मी चार टायर बदलले होते. पाचवा कोण बदलतो? पैसे संपले होते, आणि स्टेपनी काही रीलमध्ये दिसत नाही.

पंक्चरवाल्याने दोन्ही चाकं शेजारी उभी केली आणि म्हणाला, ‘हे पुढं लावू नका साहेब.’ का, ते इथे सांगतो. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावं म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतं. पुढे एक चाक लहान आणि एक मोठं लावलं, की सरळ रस्त्यावरही गाडीला सतत वळण चालू असल्यासारखं वाटतं. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, डिफरन्शियल विनाकारण राबत राहतं, ब्रेक दाबला तर गाडी तिरकी होऊ शकते. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे मागचं एक मोठं चाक काढून पुढे लावायचं आणि लहान मागे. म्हणजे पुन्हा जॅक, पुन्हा चार नट, पुन्हा हातोडी. पावसात, हायवेच्या कडेला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्यावर बसून पप्पा टॉर्च धरत होते.

साडेअकराला गाडी हलली. मागून एका बाजूला किंचित कलंडलेली, डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटलेला, चाळीसच्या स्पीडने. घरी पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. पप्पांचा मेसेज आला, ‘पोचलो. चावी पुढच्या वेळी डिकीत ठेव.’ एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

यावर तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, ‘हा तुझा गाढवपणा. चावी डिकीत ठेवली असती, स्टेपनी घेतली असती, तर प्रश्न आला नसता.’ बरोबर आहे. माझा गाढवपणाच. पण बघा ना, हा गाढवपणा करायला मला फक्त एक संध्याकाळ लागली, आणि गाडी बनवणाऱ्यांनी या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळवायला काही वर्षं घातली असणार. स्टेपनी, पाना, जॅक, काटा, ब्रेक, गिअर, मडगार्डमधली जागा, सगळं एका मापाभोवती ठरलेलं असतं. त्यातलं एक माप आपण बदलतो आणि बाकीचं आपोआप जुळेल असं धरून चालतो.

ब्रेकचंच घ्या. ब्रेक चाकाच्या मधल्या डिस्कला किंवा ड्रमला पकडतो. चाक जितकं मोठं, तितकी रस्त्यावर तेवढाच जोर मिळवायला ती पकड जास्त घट्ट लागते. साडेचार टक्के मोठं चाक म्हणजे साडेचार टक्के जास्त दाबायचं. कोरड्या सपाट रस्त्यावर तुम्हाला हे कळणारही नाही, पाय आपोआप दाबतो. उतारावर, भरलेल्या गाडीत, पाय आधीच निम्म्याच्या पुढे गेलेला असताना कळतं.

आणि रुंद टायरची ग्रिप? कोरड्यात, चांगला रबर असेल तर, मिळते थोडी जास्त. हे मान्य. पण आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी असतं. टायरला पुढचं पाणी बाजूला सारून रस्ता गाठायचा असतो. जितका रुंद टायर, तितकं जास्त पाणी सारायचं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्या वेळापुरतं स्टिअरिंग फक्त शोभेचं राहतं. शिवाय मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडी कुणाच्या अंगावर उडवतो? मागून येणाऱ्या टू-व्हीलरवाल्याच्या. म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारख्याच्या.

उलट टोकाला जाणारेही आहेत. त्यांना उंची नको, रिम मोठी हवी. सतरा इंची अलॉय, २०५/५० आर १७. दिसतं जबरदस्त, नाकारत नाही. पण हिशोब करा. कडेची उंची १३२ वरून १०२.५ वर आली. रस्त्यावरचा खड्डा आणि तुमची महागडी रिम यांच्यामधली गादी तीन सेंटिमीटरने कमी झाली. आपल्या रस्त्यांवर ही गादी कमी करायची म्हणजे धाडसच. पहिल्या पावसाळ्यात एक रिम वाकते, दुसऱ्या पावसाळ्यात टायरला बाजूने फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावा लागतो. आणखी एक आकडा कुणी बघतच नाही. मापाच्या पुढे ८५टी, ८४व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे तो टायर ५१५ किलो पेलू शकतो, ८४ म्हणजे ५००. मूळ टायरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा घेतलात, तर दिसायला टायर मोठा आणि ताकदीला लहान असा प्रकार होतो.

आता विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. ‘कंपनी पैसे वाचवायला बारीक टायर देते.’ खोटं नाही. खालच्या व्हेरिएंटला बारीक टायर आणि लोखंडी रिम देण्यात किंमत आणि मायलेज दोन्हीचा विचार असतोच. पण याचं उत्तरही कंपनीनेच देऊन ठेवलंय. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ टायर येतात. मोजा: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दोनदा धरून २४०.५, अधिक ३८१. एकूण ६२१.५. मूळच्या ६१९.६ पेक्षा दोन मिलीमीटरचा फरक! टायर वीस मिलीमीटर रुंद, रिम एक इंच मोठी, आणि चाकाची उंची जवळजवळ तीच. काटा खोटं बोलत नाही, गिअर जड होत नाही, कुठे घासत नाही, आणि वेळ आलीच तर जुनी स्टेपनीही चालून जाते. मोठे टायर बसवायची योग्य रीत हीच. रिम वाढली की कड तेवढी कमी करायची, बाहेरची उंची हलू द्यायची नाही. माझा विरोध अलॉयला नाही, हौसेला तर नाहीच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवा किती भरायची ते लिहिलेलं असतं. दुकानात जाण्याआधी तेवढा फोटो काढून न्या. मी तर तो स्टिकर पहिल्यांदा पाहिला तो टायर बदलल्यानंतर सात महिन्यांनी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्याच दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिक्षा मालकाला. आणि मालक कोण? आरसीवर नाव कुणाचं आहे ते बघा. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर ‘पोराने हौसेनं बसवले’ असं सांगायची वेळही त्याच माणसावर येते.

सगळ्यात वाईट वाटतं ते पैशांचं. सेहेचाळीस हजार. यातले तीस माझ्या इंटर्नशिपचे, सोळा आजीने दिलेले, ‘गाडीला काय हवं ते कर’ म्हणून. याच्या निम्म्यात मूळ मापाचे चार उत्तम टायर आले असते. रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. चार तळहात, बस्स. गाडी थांबते, वळते, सावरते ती तेवढ्यावरच. त्या तळहातांचा रबर चांगला असणं हे त्यांच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. कित्येक मोठे टायर मिरवणाऱ्या पोरांना हवा शेवटची कधी तपासली ते आठवत नाही. खाच १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की कारचा टायर नियमाने बाद होतो, हे माहीत नसतं. टायरवर चार आकडी तारीख असते, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, हेही नाही. माझ्या त्या ‘नव्या’ सेटवरची तारीख मी नंतर पाहिली. तीन वर्षं जुनी होती. म्हटलंच होतं ना, दुकानात पडून होता.

जुलैनंतरच्या पहिल्याच रविवारी मी घरी गेलो, माळ्यावरून जुन्या लोखंडी रिमा काढल्या, घासून पुसून काळा रंग मारला आणि त्यावर नवे १६५/८० चढवून आणले. चार नाही, पाच. पैसे हप्त्याने फेडतोय. पप्पांनी डायरीत त्या दिवसाची तारीख टाकून किलोमीटर लिहिले आणि पुढे कंसात ‘टायर मूळचे’ असं लिहिलं. ऑगस्टमध्ये मायलेज पावणेएकोणीस आलं.

इनोव्हाचे चार टायर मी विकायला काढले. पहिला मेसेज कराडच्या एका पोराचा आला, ‘दादा, स्विफ्टला बसतील का?’ बसतील, म्हटलं, माझ्या बसले होते. मग हे सगळं त्याला लिहून पाठवलं, स्टेपनी आणि चावीसकट. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही. तीन टायर शेवटी एक इनोव्हावाले ड्रायव्हर काका घेऊन गेले, अर्ध्याहून कमी किमतीत. घासलेला चौथा त्यांनी हात लावून बघितला आणि तिथेच ठेवला. तो आणि अलॉय अजून माळ्यावर आहेत. चावीही.